‘सगळा व्यायाम आईनंच करायचा तर पैसे कशाचे’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यावरचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला, लगेच उत्तर लिहायला बसले होते पण डोकं तापलेलं असताना लिहिलेलं दुसऱ्या दिवशी आपल्यालाच वाचवत नाही म्हणून दोन दिवस थांबले. आधी एक सांगते, बाळाबद्दल तुम्ही स्वतः जे लिहिलंय तेवढ्यावरच मी बोलणार, फाईलमधलं काहीही हितं उघड्यावर येणार नाही, मग माझी बाजू लंगडी पडली तरी चालेल.

बाकीचे वाचणारे आहेत म्हणून तुमची तक्रार थोडक्यात. अडीच महिन्यांचं बाळ, मान डावीकडे कललेली, डोकं मागून उजव्या बाजूला चपटं. दोन आठवड्यांत चार सिटिंग झाल्या, फरक नाही. एकदा ४० मिनिटं बसवून ठेवलं. बाळ रडत होतं तरी मान वळवत होते. आजींनी शिवलेली मोहरीची उशी मॅडमनी, म्हणजे मी, फेकून द्यायला सांगितली. मानेची तक्रार असताना खुब्याची सोनोग्राफी सांगितली, म्हणजे कमिशन असणार. आणि शेवटचं, सगळा व्यायाम घरी आईनंच करायचा तर तुम्ही पैसे कशाचे घेता.

४० मिनिटांचं खरंय, चूक आमची. त्या दिवशी आधीच्या पेशंटला वेळ लागला आणि तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही, नुसतं ‘बसा, बोलावतो’ चाललं होतं. आणि खरं सांगू का, ते रडण्याचं पण तिथंच आलं. बाळाची दुधाची वेळ बाहेर बाकावर गेली, झोपेची गेली, आणि मग आत घेऊन मी मान धरली, रडेल नाहीतर काय करेल ते. त्या दिवशी व्यायाम करायलाच नको होता, आईला म्हणायला पाहिजे होतं की आधी पाजा, झोपू दे, आज नुसतं बोलू. मी उरकायला गेले. त्या एका सिटिंगचे पैसे काउंटरवर ठेवलेत, या किंवा न या, फोन केलात तर पाठवून देते.

पण पैसे कशाचे घेता याचं उत्तर जरा लांब आहे, आणि तुमच्यासारखा प्रश्न पडलेले पण तोंडावर न विचारलेले बरेच आईबाप माझ्याकडे येऊन गेलेत म्हणून लिहितेच.

आठवड्याचे तास १६८. आठवड्याला दोन सिटिंग, अर्ध्या अर्ध्या तासाच्या, म्हणजे माझ्याकडे बाळ एक तास. उरलेले १६७ तास ते तुमच्याकडे, आईच्या मांडीवर, पाळण्यात, आजींच्या खांद्यावर. त्या एका तासात मी कितीही मान मोकळी केली आणि घरी जाऊन बाळ परत त्याच बाजूला बघत झोपलं तर माझा तास पाण्यात. त्यामुळे या उपचारात खरे हात घरच्यांचे, माझं काम ते हात तयार करायचं, कुठं धरायचं, किती वळवायचं, कुठं थांबायचं, आणि दर वेळी मोजून बघायचं की चाललंय ते बरोबर आहे का. हे पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे होतं. मी फक्त आईला सांगितलं, ती बिचारी रात्रभर जागून आलेली, निम्मं डोक्यावरून गेलं असणार, आणि घरी जाऊन तिनं तुम्हाला आणि सासूबाईंना पटवून द्यायचं. ते काम मी तिच्या गळ्यात मारलं.

आता डावं उजवं. तुम्ही लिहिलंय ‘मान डाव्या बाजूला आखडलेली आणि मॅडम उजव्या बाजूचं डोकं मोजत बसल्या’. दादा, ते दोन्ही एकच दुखणं आहे. कानामागच्या हाडापासून गळ्याच्या पुढच्या बाजूनं खाली छातीच्या आणि गळपट्टीच्या हाडापर्यंत एक स्नायू येतो. डावीकडचा आखडला की डोकं डाव्या खांद्याकडे कलतं पण हनुवटी उजवीकडे फिरते. स्वतः आरशासमोर करून बघा, डावा कान डाव्या खांद्याकडे न्या आणि तोंड उजवीकडे करा, असं बाळ दिवसभर असतं. मग झोपवलं की टेकते कुठली बाजू, तर मागची उजवी. त्या वयात कवटी मऊ, ज्या बाजूवर भार तीच चपटी होत जाते, पुढं त्या बाजूचा कान आणि कपाळ पण थोडं पुढं सरकतं. म्हणून मी कॅलिपर, म्हणजे अंतर मोजायचा चिमटा, लावून डोक्याची दोन्ही तिरकी अंतरं, कपाळाच्या एका बाजूपासून मागच्या विरुद्ध बाजूपर्यंत, मोजते, दोन्हीतला फरक मिलीमीटरमध्ये लिहून ठेवते, डोळ्यानं बघून ‘बरं वाटतंय’ म्हणण्यात अर्थ नाही.

व्यायाम म्हणजे फार काही जगावेगळं नाही. बाळ उताणं, एक हात डाव्या खांद्यावर हलका ठेवायचा म्हणजे तो वर येणार नाही, दुसऱ्या हाताच्या ओंजळीत डोकं, आणि सावकाश उजवा कान उजव्या खांद्याकडे. थोडा वेळ धरायचं, सोडायचं. दुसरा, हनुवटी डाव्या खांद्याकडे. बाळानं अंग ताठ केलं, चेहरा लाल झाला की हात सोडायचा, जोर लावून काही मिळत नाही. बघा, यूट्यूबवर बघून कुणी करू नका, आधी कुणाकडून तरी हातात हात घेऊन शिका.

आणि व्यायामापेक्षा जास्त काम दिवसातल्या बाकीच्या वेळेचं आहे. बाळाला उजेडाकडे, पंख्याकडे, आईच्या आवाजाकडे बघायला आवडतं, तर ते सगळं डाव्या बाजूला येईल असं करायचं, पाळण्यात डोक्याकडची बाजू आणि पायाकडची बाजू बदलून टाकायची, भिंत उजवीकडे आली पाहिजे. खुळखुळा नेहमी डावीकडून. जागं असताना, तुम्ही समोर बसलेले असताना, खाली वाकळ टाकून पालथं घालायचं, सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, दिवसातनं चार-पाच वेळा, वाढवत न्यायचं. झोपवताना मात्र पाठीवरच. अमेरिकेत १९९२ साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बाळं पालथी झोपवू नका असं सांगितलं, त्यानंतर तिथं झोपेत अचानक दगावणारी बाळं निम्म्याहून कमी झाली आणि चपटी डोकी वाढली, पण तो सौदा परवडणारा आहे, डोकं सुधारतं.

उशीकडे येते. मी आजींच्या समोर ‘ही आधी फेकून द्या’ म्हणाले, हे बोलणं चुकलं. मी पेठेत वाढलेली बाई आहे, तोंड जरा रांगडं आहे, पण म्हणून सातव्या महिन्यापासून जुनं मऊ लुगडं शोधून, मोहरी निवडून उन्हात घालून शिवलेल्या उशीला तसं बोलायचं नसतं. माझ्या सासूबाईंनी पण माझ्या मुलाला केली होती आणि मी फिजिओथेरपिस्ट असून महिनाभर गप्प बसले होते, त्यामुळे मला कुणाला शिकवायचा तेवढा अधिकार पण नाही. पण आजी, मुद्दा तोच राहतो. मोहरी डोक्याभोवती खळगा करून बसते, त्यात डोकं हलत नाही, आणि आखडलेल्या मानेचं बाळ तर ज्या बाजूला पडलंय तिथंच राहतं. आपल्याला ते हलायला पाहिजे. शिवाय झोपताना बाळाच्या तोंडाजवळ उशी नकोच, श्वास कोंडायची भीती असते, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२२ मध्ये डोकं गोल करायच्या उशा वापरू नका म्हणून जाहीर सांगितलं होतं. आणि न्हाऊ घालणाऱ्या मावशी रोज डोकं दाबून गोल करतात ते पण बंद, मालिश करू देत, दाबणं नको.

खुब्याचं, कमिशनचं. हे वाचून सगळ्यात जास्त लागलं. ज्या बाळाची मान जन्मापासून अशी असते त्यातल्या काहींचा खुब्याचा सांधा पण नीट बसलेला नसतो, दोन्ही एकत्र आढळतात, पोटात अडचणीत राहणं हे त्याचं एक कारण मानतात. या वयात खुब्याचा गोळा अजून कूर्चेचा असतो, एक्सरेत नीट दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. लवकर कळलं तर पाय नीट धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर भागतं, चालायला लागल्यावर कळलं तर ऑपरेशनपर्यंत जातं. मी तुमच्या बालरोगतज्ज्ञांच्या नावानं चिठ्ठी दिली होती, ‘खुबा तपासून घ्यावा’ एवढीच, सेंटरचं नाव त्यावर नव्हतं. कुठल्या सेंटरला जायचं ते तुम्ही ठरवा, मला रुपया येत नाही. न येवो.

चार सिटिंगमध्ये फरक नाही हे मला मान्य आहे, दोन आठवड्यांत एवढाच पडतो. महिन्याच्या आत आलेली बहुतेक बाळं दीड-दोन महिन्यांत मोकळी होतात, अडीच महिन्यांना सुरू केलं तर काही महिने धरून चालायचे, सहा महिन्यांनंतर आलं तर अजून लांबतं. ‘आपोआप होईल, आमच्याकडं सगळ्यांची डोकी अशीच’ म्हणत थांबलेली बाळं माझ्याकडे आठव्या महिन्यात येतात, तुम्ही अडीच महिन्यांना आलाय, लई बरं केलं. पहिले तीन महिने डोक्याचा घेर महिन्याला साधारण दोन सेंटीमीटर वाढतो, नंतरचे तीन महिने एकेक, पुढं आणखी हळू. म्हणजे वाढीचा जोर आत्ता आहे, चपट्या बाजूवरचा भार काढला की ही वाढच तो खळगा भरून काढते.

पुण्यात डोक्याला आकार द्यायचं हेल्मेट देतात ते तुम्ही का देत नाही असं पण खाली एका कॉमेंटमध्ये आलंय. हेल्मेट दिवसाला २३ तास घालायचं असतं, आपल्या एप्रिल-मे मध्ये, आणि २०१४ साली नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर केलेल्या अभ्यासात दोन वर्षांचं होईपर्यंत हेल्मेटवाली आणि बिनहेल्मेटवाली यांच्यात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. फार वाकडं डोकं असेल तर त्याचा विचार करतात, पण अडीच महिन्यांना तो विषयच नाही. हां, कवटीच्या सांध्यावर हाताला कडक उंचवटा लागत असेल, किंवा मान अचानक वाकडी झाली असेल, ताप-उलट्या असतील, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर, तिथं माझं काम नाही.

रिव्ह्यू काढू नका, राहू दे. गुरुवारी संध्याकाळी पाचला मी दुसरी कुणाची वेळ ठेवलेली नाही, त्याचे पैसे नाहीत. तुम्ही या, आजींना आणा, जमलं तर न्हाऊ घालणाऱ्या मावशींना पण आणा, बाळाला निघताना पाजून आणा. त्या दिवशी मी बाळाला हात लावणार नाही, तुमचे हात बघणार. गाडी मेन रोडलाच लावा, आमच्या बोळात ड्रेनेजचं खोदून ठेवलंय.