लसणीच्या तेलाने बहिरेपण जात नाही : खुलासा

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : खोबरेल तेलात लसूण कढवून रोज रात्री कानात सोडा, 21 दिवसांत बहिरेपण जातं, कानाचं मशीन लागत नाही. हे खरं नाही.

तेल पोचतं फक्त पडद्यापर्यंत. ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी वर्षानुवर्षं काम करणाऱ्या खलाशाचं ऐकणं जातं ते पडद्याच्या बरंच आत, शंखासारख्या वळणदार नळीत. तिथल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी, एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. म्हणून ‘बोलतायत ते कळतं, पण काय ते कळत नाही’ अशी तक्रार.

मग कुणाकुणाला गुण कसा आला? मळ घट्ट बसला असेल तर तेलाने सैल होतो, एवढंच. पण पडद्याला भोक असेल तर तेच तेल मधल्या कानात उतरतं. त्यात आपली दमट हवा. ओलसर कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

मशीनने कान आळशी होतो, हेही खोटंच. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर लसूण सोलत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा; औषधाचा उपयोग व्हायचा तो सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो.