नासा, संस्कृत आणि दुबार पेरणी

संस्कृत दिन जवळ आला की लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर तो मेसेज हमखास फिरतो : ‘नासाने मान्य केलं, संगणकासाठी संस्कृत हीच सर्वांत योग्य भाषा. तिच्यात संदिग्धता नाही. 2034पर्यंत संस्कृतवर चालणारे महासंगणक येणार.’ दहावीला संस्कृत निव्वळ मार्कांसाठी घेतलेली पोरंही तो हिरिरीने पुढे ढकलतात. असो.

नासाने असं काही मान्य केलेलं नाही. रिक ब्रिग्ज या संशोधकाचा एक लेख 1985 साली ‘एआय मॅगझिन’मध्ये छापून आला. तेव्हा तो नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संस्थेत होता, नासाचा संबंध तेवढाच. पण लेख मात्र मेसेजपेक्षा कितीतरी रोचक आहे. यंत्राला वाक्याचा अर्थ कळावा म्हणून संशोधक त्याचे तुकडे करून ‘कोण, काय, कशात, कोणासाठी’ अशा संबंधांचं जाळं काढत होते. ब्रिग्जने दाखवलं, की आपले वैयाकरण हेच फार आधी करत होते. ‘मैत्र मैत्रीपोटी देवदत्तासाठी भांड्यात भात शिजवतो’ अशा वाक्यात कर्ता, कर्म, अधिकरण (क्रिया जिथे घडते ती जागा) सुटं करून ते अर्थ मांडत. म्हणजे श्रेय या पृथक्करणाचं आहे, आणि ते मराठी वाक्यालाही लावता येतं.

संदिग्धतेचं म्हणाल तर पाणिनीच्या व्याकरणावरच्या पतंजलीच्या महाभाष्यातच ‘श्वेतो धावति’ आहे. पांढरा धावतो, किंवा संधी सोडवली तर ‘श्वा इतो धावति’, कुत्रा इथून धावतो. ज्येरार ह्युए हे फ्रेंच शास्त्रज्ञ गणिती सिद्धता तपासणाऱ्या ‘कॉक’ प्रणालीच्या जनकांपैकी एक. पुढे त्यांनी संस्कृत संधी सोडवणारं सॉफ्टवेअर लिहिलं. एका ओळीचे शक्य ते सगळे विग्रह काढणं हेच त्याचं काम. शिवाय ज्या भाषेत श्लेष हा अलंकार मानतात, तिला संदिग्धतेचं वावडं कसं असेल?

महासंगणकांबद्दल फार लिहायला नको. भाषा कुठलीही असो, संगणकाच्या आत शून्य आणि एक एवढंच असतं.

यंत्राला समज देण्यातली खरी अडचण भाषेच्या पलीकडे आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतो : 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. हा सल्ला शुद्ध संस्कृतात लिहून यंत्राला दिला, तरी कमी ओलीवर उगवलेलं रोप पावसाने ताण दिला की वाळतं आणि दुबार पेरणीचं बियाणं पुन्हा विकत घ्यावं लागतं, हे त्याला कुठून कळणार? ते व्याकरणात नसतं. ते वेगळं मांडून द्यावं लागतं, आणि त्यावरून निष्कर्ष काढायची रीतही.

त्यात अपवाद आले की गुंता वाढतो. ज्याच्याकडे तुषार संच आणि विहिरीला पाणी आहे, त्याचा हिशेब वेगळा. नेहमीच्या तर्कशास्त्रात नवी माहिती आली म्हणून जुना निष्कर्ष मागे घेता येत नाही. ती सोय करण्यासाठी रेमंड राइटर या संगणकशास्त्रज्ञाने 1980 साली ‘डिफॉल्ट लॉजिक’ मांडलं. अशीच मांडणी पाणिनीच्या सूत्रांमध्येही दिसते : सामान्य नियम म्हणजे उत्सर्ग, त्याला बाजूला सारणारा विशेष नियम म्हणजे अपवाद, आणि दोन नियम भिडले तर कोणाचं चालायचं यासाठीही सूत्र आहे. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नसतं.