मागच्या जिन्याचं कुलूप : एका वडिलांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा. तुम्ही मला 'ताई' म्हणून लिहिलंत, म्हणून मीही दादाच म्हणते.

तुमची मुलगी हॉस्टेलमध्ये राहते. विद्यापीठाच्या आवारातल्या आगींवरच्या माझ्या लेखात मी हॉस्टेलच्या मागच्या जिन्याला रात्री लागणाऱ्या कुलपाविरुद्ध लिहिलं, ते तुम्हाला पटलं नाही. "आग पन्नास वर्षांत एकदा लागेल, टवाळ पोरं गेटबाहेर रोज उभी असतात. कुलूप आहे म्हणून मी गावी शांत झोपतो," असं तुम्ही लिहिलंत. मॉक ड्रिल म्हणजे अभ्यासाचा खोळंबा, आणि आगी प्रयोगशाळेत लागतात, हॉस्टेलमध्ये कशाला लागतील, असंही तुमचं म्हणणं आहे.

आधी माझी चूक कबूल करते. "मुलींच्या हॉस्टेलचं मागचं गेट रात्री उघडं ठेवावं" हे माझं वाक्य घाईत लिहिलं गेलं. ते वाचून कुठल्याही बापाला राग येईल. बाहेरच्याला आत येता येऊ नये, हे मलाही तुमच्याइतकंच हवं आहे. आतल्या मुलीला मात्र कुणाची वाट न बघता बाहेर पडता आलं पाहिजे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपल्याकडे दोन्हींसाठी एकच कुलूप वापरतात.

मी रसायनशास्त्र शिकवते. त्याआधी चार वर्षं एका मुलींच्या हॉस्टेलची सहायक रेक्टर होते. रात्री दहाची हजेरी झाली की वॉचमन मामा मागच्या जिन्याचं जाळीचं गेट ओढून घ्यायचे, साखळी घालून कुलूप लावायचे. ते लावलं की मलाही तुमच्यासारखंच हायसं वाटायचं.

एका पहाटे दुसऱ्या मजल्यावर एका मुलीचा पाणी तापवायचा रॉड बादलीत तसाच चालू राहिला. ती परत झोपली होती. पाणी आटलं, प्लास्टिकची बादली पेटली, शेजारची गादी धुमसायला लागली. आग म्हणाल तर एका खोलीपुरती. पण फोमचा तो काळा, चिकट धूर छताखाली साठत साठत कॉरिडॉरभर पसरला. मुली नंतर सांगत होत्या की ट्यूबलाइट आधी पिवळ्या दिसल्या आणि मग दिसेनाशाच झाल्या. पुढचा जिना त्याच खोलीला लागून होता, म्हणून सगळ्या मागच्या जिन्याने खाली धावल्या. खाली कुलूप.

मी आणि मामा बाहेरून वळसा घालून पोहोचलो. जाळीतून मुलींची बोटं बाहेर आलेली. मामांच्या हातात सतरा-अठरा चाव्यांचा जुडगा, एकीलाही चिठ्ठी नाही, आणि हात थरथरत होते. एक मुलगी आतून सारखी ओरडत होती, "पितळी आहे मामा, पितळी!" जुडग्यात पितळी चाव्या पाच होत्या. चौथी लागली. सगळ्या बाहेर आल्या, दोघींना धुरामुळे दवाखान्यात ठेवावं लागलं. पुढे कित्येक दिवस मला कुलपाचा खटका ऐकवत नव्हता. कुलूप लावायला सांगणारी मीच होते.

आमच्या मुली वाचल्या. दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात, महदिया इथल्या शाळेच्या वसतिगृहात मे २०२३ मध्ये तसं घडलं नाही. तिथेही मुलींनी रात्री बाहेर जाऊ नये म्हणून दारांना कुलपं होती, खिडक्यांना गज होते. आग लागली तेव्हा वसतिगृह सांभाळणारी बाई आतच होती, पण त्या गोंधळात तिला चाव्या सापडल्या नाहीत. भिंतीला भगदाड पाडून काही मुलींना बाहेर काढलं. २० जीव गेले, आणि त्यात त्या बाईचा स्वतःचा लहान मुलगाही होता. तिची काळजी खोटी होती असं मी कधीच म्हणणार नाही. मॉस्कोच्या पीपल्स फ्रेंडशिप विद्यापीठाच्या वसतिगृहाला २४ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे आग लागली, तेव्हाही वाचलेल्या विद्यार्थ्यांनी बाहेर पडायची दारं बंद होती असंच सांगितलं.

मग करायचं काय? दाराला आतल्या बाजूने, कमरेच्या उंचीवर एक आडवी दांडी बसवतात. तिला पॅनिक बार म्हणतात, मल्टिप्लेक्सच्या बाहेर पडायच्या दारांवर तुम्ही पाहिली असेल. आतून अंग टेकलं तरी दार उघडतं, बाहेरून उघडत नाही. सोबत भोंगा जोडला की दार उघडताच रेक्टरच्या खोलीत आवाज होतो, म्हणजे रात्री कुणी गुपचूप बाहेर पडेल ही भीतीही उरत नाही. जाळीच्या सरकत्या गेटला मात्र ती बसत नाही, तिथे नीट दारच करावं लागतं. बहुतेक ठिकाणी गाडं अडतं ते इथेच. पण स्नेहसंमेलनाच्या मांडवाला पैसे निघतात, तर एका दारालाही निघतील.

प्रयोगशाळेबद्दल तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. तिथे धोका मोठाच. ईथरची, म्हणजे चटकन वाफ होऊन पेट घेणाऱ्या द्रवाची, बाटली साध्या घरगुती फ्रिजमध्ये ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे, आणि त्या फ्रिजच्या थर्मोस्टॅटची एक ठिणगी आत साठलेल्या वाफेला पुरते. पण प्रयोगशाळेत मुलं जागी असतात, समोर काय आहे हे त्यांना माहीत असतं. हॉस्टेलमध्ये ती झोपलेली असतात. झोपलेल्याला धुराचा वास उठवेल याचा भरवसा नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला उलट गुंगीत ढकलतो.

ड्रिलबद्दलचं तुमचं म्हणणंही अर्धंच खरं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सीटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉल वसतिगृहात १९ जानेवारी २००० च्या पहाटे अलार्म वाजला, पण आधीच्या खोट्या अलार्मना कंटाळलेली बरीच मुलं लगेच उठलीच नाहीत. ३ विद्यार्थी गेले. वर्षातून दोनदा, रात्रीच्या वेळी, पाच मिनिटांचं ड्रिल झालं तर अभ्यास बुडत नाही. दिवसा मैदानात फोटोपुरतं केलेलं ड्रिल मात्र खरंच वेळेचा खोळंबा आहे, त्यात मी तुमच्या बाजूची आहे.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीतली आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं, 'फॉर्म बी' म्हणतात त्याला. तुमच्या मुलीच्या हॉस्टेलचंही असेलच. पण तपासणी दिवसा होते, आणि साखळी रात्री दहानंतर पडते.

रविवारी तिला भेटायला जाल तेव्हा मागच्या जिन्यापर्यंत जाऊन या. वॉचमनला विचारा, रात्री या गेटची चावी कुठे असते, आणि एकदा तुमच्यासमोर काढून लावायला सांगा. किती वेळ लागला ते मला इथेच कळवा. मी वाट बघते.