मांजराच्या शुगरचा तो मेसेज आणि बंद केलेलं इन्सुलिन

खानापूरच्या आमच्या आत्यानं तिच्या बोक्याचं इन्सुलिन बंद केलं, का तर ग्रुपवर मेसेज आला म्हणून. तोच मेसेज आता बेळगाव, निपाणी सगळीकडं फिरालाय. त्यात म्हटलंय, मांजराला इन्सुलिनची सवय लागते, एकदा टोचलं की मरेपर्यंत सुटत नाही, त्यापेक्षा 2 दिवस उपाशी ठेवा, मग कारल्याचा रस न् मेथीचं पाणी पाजा, दूधभात द्या, आणि शुगर उतरली की मांजर बरं, परत तपासायची गरज नाही.

पहिलं ते उपाशी ठेवायचं बघू, कारण यानं जीव जातो. जाड मांजरानं काही दिवस खाल्लं नाही की अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठते आणि लिव्हर निकामी व्हायला लागतं. वर शुगर असलेलं मांजर, त्याचं इन्सुलिन बंद, पोटात अन्न नाही, मग रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढतात, उलट्या, सुस्ती, आणि तिथून पुढं सलाइन लावून दवाखान्यात ठेवायचीच वेळ येते. वजन उतरवायचंय ना? इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन या मांजरांच्या डॉक्टरांच्या संस्थेची 2015 ची गाइडलाइन सांगते, आठवड्याला वजनाच्या अर्धा ते 2 टक्के, बस. म्हणजे 6 किलोच्या बोक्याचे 30 ते 120 ग्रॅम. लेकराबाळांच्या घरात असले मेसेज पुढं ढकलताना हात कसा कापत नाही?

सवय लागते म्हणे. साफ खोटं. मांजराची शुगर बहुतेक वेळा माणसाच्या टाइप 2 सारखी असते. साखर सतत चढलेली राहिली की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दमतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं की त्यांना उसंत मिळते, आणि बऱ्याच मांजरांत त्या परत कामाला लागतात, डोस कमी होत होत सुटतो. साधारण 4 आठवडे इन्सुलिनशिवाय साखर नॉर्मल राहिली तर त्याला रेमिशन म्हणतात. सगळ्यांचं सुटत नाही हे खरं, पण लवकर सुरू केलं तर सुटायची आशा जास्त. मेसेज नेमकी तीच वाट बंद करालाय.

कारलं, मेथी सोडा. बळजबरीनं कडू पाजलं की मांजर जेवणच टाकतं.

खाण्यानं फरक पडतो एवढं मात्र मान्य करावं लागतंय. पण दूधभातानं नाही! मांजराला गोड चव कळतच नाही, तरी भात, बिस्किट, ब्रेड यांची पोटात साखरच होते. त्याच गाइडलाइनप्रमाणं कार्बोहायड्रेटमधून येणाऱ्या कॅलरी 12 टक्क्यांच्या आत हव्यात, म्हणजे मांस, मासे, ओलं कॅटफूड. फक्त इन्सुलिन चालू असताना खाणं एकदम बदलू नका, साखर धाडकन खाली येते. डॉक्टरांना विचारून डोस ठरवा. मांजर लटपटायला लागलं, झटके आले तर हिरड्यांना मध चोळा आणि लगेच जनावरांचा दवाखाना गाठा.

आणि सिरिंज! मेसेजमध्ये हे नाही, पण मेडिकलमध्ये इथं चूक होते. ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन बहुतेक वेळा मिलीला 100 युनिटचं असतं, त्याला केशरी टोपीची सिरिंज लागते. लाल टोपीची 40 वाली घेऊन 1 च्या खुणेपर्यंत भरलं तर जातं अडीच युनिट.

शेवटचं, परत तपासायची गरज नाही हे. रेमिशनमधून शुगर परत येते, बऱ्याच मांजरांत येते. घरी कानाच्या टोकाला टोचून ग्लुकोमीटरवर अधूनमधून बघत राहा, दवाखान्यात भीतीनंच साखर चढते म्हणून घरचे आकडे लिहून न्या. वजन करा. पाणी जास्त प्यायला लागलं, वाळूत लघवीचे गोळे मोठे दिसायला लागले की त्याच दिवशी तपासा. आणि खाजेसाठी, दम्यासाठी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला निघालं तर सुई टोचायच्या आधी सांगा की याला शुगर होती, स्टेरॉइडनं साखर चढते.