जुनापाणीची शिलावर्तुळे: वेधशाळा नव्हे, दफने

नागपूरच्या पश्चिमेला, झुडपी जंगलात विखुरलेल्या जुनापाणीच्या शिलावर्तुळांविषयी एक संदेश सध्या फिरतो आहे. ही दहा हजार वर्षांपूर्वीची वेधशाळा असून ती कोणी उभारली हे कोणालाच ठाऊक नाही, संशोधकांनी तिकडे कधी लक्ष दिले नाही आणि दगडांखाली धन पुरलेले आहे, असे त्यात म्हटले आहे.

लक्ष न दिल्याचा आरोप तर पहिल्याच पायरीवर कोसळतो. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कारनॅक यांनी येथे एकोणिसाव्या शतकातच खोदकाम केले होते. १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी जुनापाणीला शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि पुढे शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड ही याच परंपरेतील स्थळे उजेडात आणली.

काळाविषयीचा दावाही टिकत नाही. या वर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या आणि खंजीर सापडतात, तर नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली आहे. दहा हजार वर्षांपूर्वी भारतात लोखंड गाळले जात नव्हते. ही दफने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील आहेत.

उभारणारे कोण, याचे उत्तर त्यांच्या नावात नसले तरी त्यांच्या वस्तूंत आहे. मोठमोठ्या धोंड्यांचे कडे, आत माती-गोट्यांची भर आणि तिच्याखाली मानवी अस्थी, काळी-तांबडी मृद्भांडी व अवजारे, अशी ही रचना असते. माहुरझरीला तर घोड्याचे अवशेष आणि त्याच्या मस्तकावर चढवायचा तांब्याचा साज मिळाला. मेलेल्या माणसासोबत सजवलेला घोडा पुरणाऱ्या या लोकांना अज्ञात म्हणून सोडून देणे मला फार अन्यायाचे वाटते.

काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत, हे खरे आहे. त्यांच्या दिशा मोजून आकाशाशी संबंध शोधण्याचा प्रयत्न अभ्यासकांनी केला आहे आणि तो प्रश्न विचारण्याजोगा आहे; परंतु दफनविधीत दिशेला महत्त्व असणे वेगळे आणि ती जागा वेधशाळा असणे वेगळे.

धनाची अफवा मात्र सर्वांत घातक आहे. तिच्या लोभाने कोणी वर्तुळ उकरले, तर हाड, भांडे आणि अवजार कोणत्या थरात, एकमेकांपासून किती अंतरावर होते ही माहिती कायमची नष्ट होते, आणि तो काळ समजण्याचा आपल्याकडचा आधार तेवढाच आहे.