लाइव्ह रॉक उकळू नका! 'पाच घरगुती उपाय'वाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, 'रीफ टँकमधले सगळे किडे एका दिवसात साफ'. (रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल, म्हणजे प्रवाळ, पाळायची घरची टाकी.) मला या आठवड्यात चार जणांनी पाठवला आणि त्यातल्या दोघांनी विचारलं की करून बघू का, म्हणून बसून लिहितोय. त्यात पाच उपाय आहेत, थोडक्यात असे: नवा लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया आणि बारीक जीव असलेला समुद्री खडक) दहा मिनिटं उकळून घ्या, आयप्टेशिया (खडकावर नकोसा उगवणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) दिसला की चिमट्याने उपटा, तरी काही उरलं तर मोरचूद टाका, ब्रिसल वर्म (केसाळ अळी) एकही जिवंत ठेवू नका, आणि शेवटी दोन पेपरमिंट श्रिम्प (छोट्या कोळंब्या) सोडा की काळजी मिटली. यातल्या चार गोष्टींनी फार तर टँकचं वाटोळं होईल, पण पहिली गोष्ट माणसाला हॉस्पिटलात पोचवू शकते. म्हणून आधी तीच.

'नवा लाइव्ह रॉक उकळून घ्या.' नाही, अजिबात नाही, कुठल्याच परिस्थितीत नाही! लाइव्ह रॉकवर झोआ (झोअँथिड) किंवा पॅली (पॅलिथोआ), म्हणजे बटणांसारख्या दिसणाऱ्या, कोरलच्या नात्यातल्या जिवांच्या वसाहती असू शकतात, कधी कधी इतक्या बारीक की खडकाचाच भाग वाटतात. यातल्या काही पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या पॅलिथोआमधून ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं, आणि निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांमध्ये त्याची गणना होते. आपल्या पेशींमध्ये सोडियम-पोटॅशियम आतबाहेर करणारा जो पंप असतो त्यालाच ते जाऊन चिकटतं आणि त्याचं दार उघडंच ठेवतं. यावर उतारा नाही, डॉक्टर फक्त लक्षणं सांभाळतात. आणि उकळल्याने हे विष मरत नाही, उलट वाफेबरोबर उडणाऱ्या थेंबांतून हवेत येतं आणि छातीत जातं.

हे नुसतं घाबरवण्यासाठी सांगत नाहीये. अमेरिकेत एका माणसाने नको असलेल्या पॅलीवर उकळतं पाणी ओतलं, ती वाफ नाकात गेली आणि श्वासाचा त्रास होऊन त्याला हॉस्पिटल गाठावं लागलं. अलास्कामध्ये २०१२ ते २०१४ दरम्यान घरात आणि अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात लोक असेच आजारी पडले, त्यावर तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा, म्हणजे सीडीसीचा रिपोर्ट आहे. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशरला टँक साफ करताना अख्खं कुटुंब आजारी पडलं. आता आपल्याकडचा विचार करा, वन रूम किचन, पाऊस म्हणून खिडक्या बंद, आत एसी लावलेला, गॅसवर पातेल्यात खडक रटरटतोय आणि शेजारच्या खोलीत आजी झोपलेली. तोंडाला धातूसारखी चव येणं, खोकला, छाती आवळल्यासारखी वाटणं, थंडी वाजून ताप, अंग ठणकणं, असं काही टँकमध्ये हात घातल्यावर झालं तर 'व्हायरल असेल' म्हणून झोपून राहू नका, बाहेर मोकळ्या हवेत या, लगेच हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना टँकचं आणि पॅलीचं नाव घेऊन सांगा, कारण सांगितल्याशिवाय त्यांच्या डोक्यात हे येणं कठीण आहे.

बरं, उकळून मिळतं तरी काय? जे बॅक्टेरिया हवे म्हणून लाइव्ह रॉकला पैसे मोजले तेच मरतात, आणि खडकाच्या भोकांत मेलेलं सगळं टँकमध्ये कुजून अमोनिया चढतो. किडे नकोतच असतील तर सरळ ड्राय रॉक (कोरडा, निर्जीव खडक) घ्या, सायकल व्हायला, म्हणजे टँकमध्ये हवे ते बॅक्टेरिया तयार व्हायला वेळ लागेल, लागू दे. आणि समुद्रावरून फुकट दगड आणायचा विचारही करू नका. आपल्या हाजी अलीला, बँडस्टँडला ओहोटीला खडकांवर जो बटणांसारखा हिरवा-तपकिरी गालिचा दिसतो ना, ते झोअँथिडच आहेत, पॅलिथोआसुद्धा. तिथे खरे प्रवाळही आहेत आणि त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. बघायला जा, मुलांना घेऊन जा, पण काही उचलून आणू नका.

'आयप्टेशिया चिमट्याने उपटा.' हे मी स्वतः केलंय. फ्रॅगच्या (कोरलच्या छोट्या तुकड्याच्या) प्लगवर, म्हणजे तो चिकटवलेला असतो त्या चकतीवर, एकच होता, काचेसारखा पारदर्शक, तपकिरी झाक असलेला, नखाएवढा. चिमटा जवळ नेला की सुर्रकन भोकात. मग मी ब्लेडने खरवडला, वाटलं गेला. दोन आठवड्यांनी त्याच जागेभोवती टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसले, भिंग लावून मोजले तर अकरा, आणि प्रत्येकाला इवलेसे हात फुटलेले. कारण त्याच्या तळव्याचा बारीकसा तुकडा जरी मागे राहिला तरी त्यातून नवा आयप्टेशिया उभा राहतो, म्हणजे खरवडणं म्हणजे लागवडच. त्यापेक्षा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ज्याला रीफवाले काल्कवासर म्हणतात, ते आरओच्या पाण्यात इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट कालवा, हातमोजे आणि चष्मा घाला कारण ते भाजतं, पंप बंद करा, आणि सिरिंजने हळूच थेट त्याच्या तोंडावर सोडा. तो आपल्या हाताने ते गिळतो. पंधरा मिनिटं पाणी हलवू नका. एका दिवसात दोन-तीनच मारा, नाहीतर पीएच भसकन वर जातो, छोट्या टँकमध्ये तर फारच लवकर. पानाच्या टपरीवरचा चुना वापरू नका, त्यात काय मिसळलंय कोणाला माहीत.

'मोरचूद टाका.' मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. किडे मरतील, खरंय, पण त्यांच्याबरोबर कोरल, गोगलगायी, श्रिम्प, खेकडे सगळंच मरेल. शिवाय चुनखडीचा खडक तांबं शोषून ठेवतो आणि मग हळूहळू सोडत राहतो, म्हणजे पाणी कितीही बदललं तरी तो खडक परत रीफसाठी वापरायची भीतीच. तांब्याची औषधं माशांच्या आजारासाठी असतात, तीही वेगळ्या टँकमध्ये जिथे खडक नाही.

'ब्रिसल वर्म एकही ठेवू नका.' इथे मला खरंच वाईट वाटतं, कारण बिचारा रात्री निघून उरलेलं खाणं आणि मेलेलं मांस साफ करतो. कोरल खाणारा फायर वर्म वेगळा, आणि तो घरच्या टँकमध्ये क्वचितच येतो. मेलेल्या माशावर दहा वर्म दिसले की लोक म्हणतात यांनीच मारला, अहो तो मेल्यावर ते आलेत. खूपच वाढले असतील तर तुम्ही खाणं जास्त टाकताय, ते कमी करा, आपोआप कमी होतील. फक्त उघड्या हाताने धरू नका, केस बोटात घुसले की आग आग होते, चिकटपट्टी लावून ओढून काढावे लागतात.

या फॉरवर्डची मूळ चूक इथेच आहे, तो सगळ्यांना 'किडे' म्हणतो. आयप्टेशिया अ‍ॅनिमोनी आहे, ब्रिसल वर्म वळवळणारी अळी, व्हर्मेटिड ही नळीत राहणारी गोगलगाय जी चिकट जाळं सोडते आणि शेजारच्या कोरलला त्रास देते. एकच औषध या तिघांना कसं लागू पडेल? आधी रात्री टँकचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल टॉर्च घेऊन बसा, फोटो काढा, ओळखा, मग हात घाला. नवीन फ्रॅग आला की डिप करा (औषधाच्या पाण्यात बुडवून काढा), पण डिपने अंडी मरत नाहीत हे लक्षात ठेवा, म्हणून प्लग काढून फेका आणि जमेल तर महिनाभर वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवून आठवड्याला परत डिप करा.

राहिला पेपरमिंट श्रिम्प. हा पाचांतला सगळ्यात बरा सल्ला, पण 'काळजी मिटली' हे खोटं. काही खातात, काही ढुंकून बघत नाहीत, पोट भरलेलं असेल तर नाहीच, आणि मोठ्या आयप्टेशियाच्या वाटेला सहसा जातच नाहीत. बर्गिया नावाची छोटी सी स्लग (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) फक्त आयप्टेशियाच खाते, पण आपल्याकडे मिळणं अवघड, आणि टँकमध्ये रास (wrasse) जातीचा मासा असेल तर तोच तिला खाऊन टाकतो. श्रिम्प घ्यायला क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुठेही गेलात तर पिशवी उजेडात धरून बघा. पेपरमिंटचं अंग अर्धपारदर्शक असतं आणि त्यावर लांबीच्या दिशेने बारीक लाल रेघा असतात. पाठीला कुबड, डोळे मोठे आणि लाल अंगावर ठसठशीत पांढरे पट्टे-ठिपके असतील तर तो कॅमल श्रिम्प, तो तुमचे झोआ खाईल, परत द्या.