घराबाहेर पडल्यानंतरचे सहा महिने

हिंसाचाराला सामोरे गेलेल्या महिलांसाठी आपल्याकडे काहीच सोय नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, 181 ही हेल्पलाइन आहे, एकाच छताखाली मदत देणाऱ्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना 2015 पासून आहे, आणि अशा महिलांना मदत करणारा नागपूर पोलिसांचा भरोसा सेलही 2017 पासून सुरू आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. या साऱ्या व्यवस्था त्या बाईला घराबाहेर पडायला मदत करतात. बाहेर पडल्यानंतर न्यायालयाचा आदेश हातात येऊन पैसे सुरू होईपर्यंत तिने काय खायचे आणि कुठे राहायचे, याची जबाबदारी मात्र नेमकी कोणावरच नाही. वकील म्हणून जी प्रकरणे मी जवळून पाहते, त्यांतल्या परत सासरी गेलेल्या बायका बहुधा याच काळात गेल्या, आणि त्या माघारीला नवऱ्याच्या पश्चात्तापापेक्षा रिकामा डबा अधिक कारणीभूत होता.

काटोलकडची एक अशील आठवते. तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत लग्नाची पत्रिका, मेडिकल रुग्णालयातली जखमांची नोंद असलेला कागद आणि मुलाच्या शाळेची गुणपत्रिका एवढेच होते. रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि आधार सासरी राहिले होते. संत्र्यांच्या हंगामात ती छाटणी-पॅकिंगला जाई, पण तारखेच्या दिवशी मजुरी बुडे. एसटीत 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, याचा तिला खरोखरच आधार होता. बुडालेली मजुरी मात्र कोणी भरून देत नव्हते. निवाऱ्याची चौकशी केली तेव्हा कळले की तिला घेतील, धाकट्या मुलीला घेतील, पण मोठ्या मुलाचे वय नियमात बसत नाही. आईने मुलाला कुठे ठेवून यावे, हे त्या नियमात लिहिलेले नव्हते.

कायदा कागदावर चांगला आहे. अर्ज केल्यापासून पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत असावी आणि 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे त्यातच म्हटले आहे. अंतिम निकालापूर्वी अंतरिम आदेशाचीही तरतूद आहे. प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच कितीतरी दिवस जातात. वन स्टॉप सेंटरमधला तात्पुरता मुक्काम मात्र साधारण पाच दिवसांसाठीच असतो. पुढे ‘शक्ती सदन’ हे जास्त काळ राहण्यासाठीचे सरकारी योजनेतले निवारागृह आहे, पण तिथे जागा मिळणे ही आणखी एक पायपीट.

पैशाच्या बाबतीत तर मोठी तफावत आहे. राज्याची मनोधैर्य योजना 2013 पासून चालू आहे आणि पुढे तिच्यातील मदतीची कमाल मर्यादा 10 लाख रुपयांपर्यंत वाढवली गेली. ही रास्त गोष्ट आहे. परंतु ती मुख्यतः बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांसाठी आहे. वर्षानुवर्षे मार खाऊन एका रात्री दोन मुलांसह बाहेर पडलेल्या बाईने पोटगी नवऱ्याकडूनच मिळवायची, तीही त्याने दिली तर. तातडीने पैसे पोहोचवणे शासनाला जमत नाही, असे आता कोणी सांगू नये. लाडकी बहीण योजना जुलै 2024 मध्ये सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये लाखो महिलांच्या खात्यात रक्कम जमाही झाली. (त्याच योजनेच्या ई-केवायसीत पुढे पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला; नवऱ्याला सोडून आलेल्या, पण घटस्फोट न झालेल्या बाईने ओटीपी कोणाकडे मागायचा, हा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही.) 2005 च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने घरगुती घटनेचा, म्हणजे तिच्यावर झालेल्या हिंसेचा, अहवाल नोंदवला की सहा महिन्यांसाठी ठरावीक रक्कम थेट तिच्या खात्यात जावी, आणि ती पुढे पतीकडून वसूल करण्याचे काम शासनाने आपल्याकडे घ्यावे, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

पुनर्वसन म्हणजे शिलाई मशीन आणि वाटपाचा फोटो, ही समजूत आता सोडायला हवी. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत काम मिळू शकते, पण त्यासाठी आधी लेकरांना ठेवायला पाळणाघर आणि राहायला खोली लागते.

आपल्या विदर्भाला हे कळायला हवे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचे प्रकरण इथलेच. नागपूर खंडपीठाने दोषी धरलेले पोलीस 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटले, देशभर आंदोलन झाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कायद्यासाठी आपण लढलो, ते योग्यच होते. त्या मुलीच्या पुढच्या आयुष्याची तजवीज कोणी करायची, हा प्रश्न मात्र त्या लढ्याच्या केंद्रस्थानी कधी आला नाही.

आणि ज्या समुपदेशक नि केस वर्कर या बायकांना धीर देतात, त्या स्वतः कंत्राटी मानधनावर, तेही वेळेवर मिळेल याची खात्री नसताना काम करतात. अनुभवी बाई कंटाळून सोडून जाते आणि पीडितेला सगळी हकिगत नव्या माणसापुढे पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. जिल्हा वार्षिक योजनेतील 3 टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवण्याचे धोरण आहे. नागपूरच्या जिल्हा नियोजन समितीने त्यातील किती पैसा बांधकामावर आणि किती माणसांवर खर्च होतो, ते जाहीर करावे. हिवाळी अधिवेशनात आपल्या शहरात येणाऱ्या आमदारांना हा प्रश्न लेखी विचारता येतो; मी निवेदनाचा मसुदा करते आहे, वाचून दुरुस्त्या सुचवायच्या असतील त्यांनी जरूर कळवावे.